सामूहिक वनहक्क: दाव्यापासून जंगल राखण्यापर्यंत

जंगलावरचा हक्क मिळवणं आणि जंगल राखणं ही दोन वेगळी कामं धरली की दोन्ही फसतात. हक्काचा कागद आला, पण नियम ठरलेच नाहीत, तर काही वर्षांतच बांबूची बेटं विरळ होतात आणि कुठेतरी नवी नांगरट दिसायला लागते. उलट नियम केले, राखण केली, पण कागद नाही, तर वनविभागाचा कूप (तोडीसाठी ठरवलेला भाग) पडला किंवा शेजारचं गाव गाड्या घेऊन आलं की ग्रामसभेला बोलायला जागा राहत नाही. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी यांचा २००६ चा वनहक्क कायदा या दोन्ही गोष्टी एकाच ग्रामसभेच्या हातात देतो. कलम ३(१) मध्ये सामूहिक वनसंपत्तीचं रक्षण, पुनर्निर्माण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क आहे. कलम ५ मध्ये वन्यजीव, जैवविविधता आणि पाण्याचे स्रोत जपण्याचा अधिकार आणि जबाबदारी आहे. म्हणून दावा भरायला बसाल त्याच दिवशी राखणीच्या नियमांची वहीही उघडा.

मुख्यतः महाराष्ट्रातली गावं, पाडे, टोले डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिलं आहे. कायदा देशभर तोच आहे. दप्तरांची नावं तेवढी बदलतात.

दावा कोणता, हे आधी ठरवा

दाव्याच्या अर्जाचे तीन नमुने आहेत. नमुना अ वैयक्तिक वहितीच्या जमिनीसाठी. नमुना ब निस्तार (घरगुती गरजेपुरता जंगलाचा वापर), चराई, मासेमारी, गौण वनोपज अशा सामूहिक वापराच्या हक्कांसाठी. नमुना क सामूहिक वनसंपत्तीसाठी, म्हणजे गावाच्या पारंपरिक सीमेतलं सगळं जंगल राखण्या-सांभाळण्यासाठी. पुष्कळ गावं फक्त ब भरून थांबतात. त्यातून लाकूडफाटा आणि मोहफुलं आणण्याचा हक्क मिळतो, पण जंगलात काय तोडायचं आणि काय नाही हे ठरवण्याचा हक्क क मधूनच येतो. ब आणि क दोन्ही भरा.

२०१२ च्या सप्टेंबरमध्ये नियमांत मोठी दुरुस्ती झाली आणि सामूहिक वनसंपत्तीसाठी वेगळा नमुना क तेव्हाच आला. गावात २००८ ची जुनी पुस्तिका फिरत असेल तर ती बाजूला ठेवा. गणपूर्ती, समितीची रचना, वाहतूक परवाना, सगळंच त्यात जुनं आहे.

गावात आदिवासी कमी आहेत म्हणून क भरता येत नाही, असं अनेक ठिकाणी सांगितलं जातं. ते चुकीचं आहे. थोडे सदस्य अनुसूचित जमातीचे किंवा इतर पारंपरिक वननिवासी असले तरी दावा करता येतो, असं नमुन्यातच लिहिलेलं आहे. इतर पारंपरिक वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा द्यावा लागतो. हा पुरावा त्या परिसरात राहत असल्याचा आणि जंगलावर अवलंबून असल्याचा हवा. तोच जमिनीचा तुकडा ७५ वर्षं कसत असल्याचा नको. या एका गैरसमजापायी फार दावे फेटाळले गेले आहेत.

ग्रामसभा: इथे चूक झाली तर पुढचं सगळं वाया

ग्रामसभा म्हणजे ग्रामपंचायतीची एकत्र सभा नव्हे. चार गावांची मिळून एक पंचायत असेल, तरी प्रत्येक गावाची सभा वेगळी. अनुसूचित क्षेत्रात पाड्या-टोल्यालाही स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेता येतं आणि त्यासाठी राज्याचे २०१४ चे पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींच्या कायद्याचे) नियम वापरता येतात. पंचायतीच्या ठरावावर भरलेला दावा प्रांताधिकाऱ्यांच्या उपविभागीय समितीत अडकतो, आणि अडकायलाच हवा. कारण जंगल वापरणाऱ्या माणसांनी तो ठराव केलेलाच नसतो.

गणपूर्तीला (कोरमला) एकूण सदस्यांच्या निम्मे हजर लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला लागतात. दाव्यांवर ठराव व्हायचा असेल तेव्हा दावेदारांपैकी निम्मे तरी हजर हवेत. हजेरी सभेतच घ्या. सह्या-अंगठे नंतर घरोघरी फिरून गोळा केले की विरोधातला एखादा माणूस सहज तक्रार करतो आणि सगळा ठराव संशयात येतो. सभा तेंदूच्या (विडीच्या पानांच्या) हंगामात किंवा रोवणीच्या दिवसांत ठेवू नका. त्या काळात गणपूर्ती होत नाही.

याच सभेत वनहक्क समिती निवडा. सदस्य दहा ते पंधरा, त्यांत किमान दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे आणि एक तृतीयांश महिला. अध्यक्ष आणि सचिव समितीने आपल्यातून निवडायचे आणि उपविभागीय समितीला लेखी कळवायचं. गुराखी, वैदू, मध काढणारा आणि लाकूडफाटा आणणाऱ्या बायका यांच्यातले लोक समितीत नसतील, तर पुढची सीमा चुकीची आखली जाईल.

सीमा

सगळ्यात जास्त वेळ या कामाला द्या. गावाची पारंपरिक सीमा आणि महसुली सीमा पुष्कळदा वेगळी असते. गाव पूर्वीपासून वापरत आलेलं जंगल शेजारच्या गावाच्या महसुली हद्दीत किंवा राखीव वनाच्या कक्षात असू शकतं. कायदा पारंपरिक सीमा मानतो, मग ते राखीव असो, संरक्षित असो, अभयारण्य असो की राष्ट्रीय उद्यान.

आधी जमिनीवर मोठा नकाशा काढा. चुन्याने किंवा राखेने नाले, डोंगर, वाटा, देवाच्या जागा, स्मशान, पाणवठे दाखवा. म्हातारी माणसं उभ्याउभ्या दुरुस्त्या सांगतात, आणि कागदावरच्या नकाशापुढे गप्प बसणारे लोक इथे बोलतात. मग तो कागदावर उतरवा. त्यानंतर समितीने वनविभाग आणि महसूल विभागाला लेखी कळवून, शेजारच्या गावांना बोलावून, सीमेवरून प्रत्यक्ष चालायचं. प्रत्येक वळणावर जीपीएसचा बिंदू घ्यायचा आणि त्या ठिकाणाचं लोकांच्या तोंडचं नाव लिहायचं. ‘बिंदू १४, उंबराचा नाला, मोठ्या दगडाशी’ अशी नोंद कोणत्याही पडताळणीत टिकते. नुसते अक्षांश-रेखांश दिले तर पुढच्या पिढीला ती जागा सापडत नाही. मोबाइलवरचं ॲप चालेल, पण दाट झाडीत आणि दरीत बिंदू पाच-दहा मीटर सरकतो. म्हणून तिथे एकाच ठिकाणी थोडा वेळ थांबून दोन-तीनदा नोंद घ्या.

शेजारच्या गावाशी वाद निघाला तर घाईने रेघ मारू नका. दोन्ही गावांच्या वनहक्क समित्यांनी एकत्र बसावं, काय ठरलं ते आपापल्या ग्रामसभेला लेखी द्यावं आणि तरीही सुटलं नाही तर उपविभागीय समितीकडे जावं, असा नियमच आहे. मधला पट्टा दोघेही वापरत असतील तर तो सामायिक म्हणून दाखवा. शेजारच्या गावांची नावं आणि त्यांच्याशी असलेली वापराची, जबाबदारीची वाटणी लिहायला नमुना क मध्ये जागा आहे. सामायिक पट्टा ओढून-ताणून एकाच्या नावावर घेतला की तिथलं लाकूड दोन्ही गावं चढाओढीने नेतात. दुसऱ्याने नेण्याआधी आपण नेऊ, हाच विचार मग दोघांच्याही मनात असतो.

हंगामी येणारे धनगर, गोपाळ किंवा इतर पशुपालक यांचा रस्ता आणि मुक्कामाची जागाही याच वेळी नोंदवा. त्यांचे हक्कही हाच कायदा मानतो. त्यांना वगळून काढलेला आराखडा पहिल्याच उन्हाळ्यात भांडणात अडकतो.

पुरावे

किमान दोन पुरावे लागतात, पण चार-पाच जोडावेत. विदर्भात निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज (गावाच्या वहिवाटीच्या हक्कांच्या जुन्या नोंदी) हे सगळ्यात भक्कम. ते तहसीलच्या अभिलेखागारात मिळतात. इतरत्र जुने गाव नकाशे, वनविभागाच्या कक्षांच्या नोंदी, चराई-निस्ताराच्या पावत्या चालतात. जमिनीवरचे पुरावेही तितकेच ग्राह्य आहेत: देवराई, पवित्र झाडं, जुने बांधलेले पाणवठे, स्मशान किंवा दफनाची जागा, कंदमुळं आणि चारा गोळा करण्याच्या ठरलेल्या जागा. दावेदार नसलेल्या वयस्कर माणसाचा जबाब लेखी घेतला तर तोही पुरावा होतो.

कागद मिळत नाहीत म्हणून कुणीही अडून बसू नये. वन आणि महसूल नकाशे, मतदारयाद्या ग्रामसभेला पुरवणं हे उपविभागीय समितीचं काम आहे. ग्रामसभेने लेखी मागितल्यावर संबंधित कार्यालयाने प्रमाणित प्रत द्यायलाच हवी. मागणीच्या पत्राची पोच घ्या. पुढे ‘पुरावा अपुरा’ असा शेरा आला तर ही पोचच ग्रामसभेच्या कामी येते.

उपग्रह छायाचित्र हा पूरक पुरावा आहे. तेवढ्यावर दावा फेटाळता येत नाही.

वरच्या समित्या

ग्रामसभेचा ठराव आधी प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील उपविभागीय समितीकडे जातो आणि तिथून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय समितीकडे. दावा नाकारला किंवा क्षेत्र कमी केलं तर कारणं लेखी मिळायला हवीत. त्यावर वरच्या समितीकडे जायला ६० दिवस असतात. महाराष्ट्राच्या अनुसूचित क्षेत्रात २०२० पासून विभागीय आयुक्तांच्या समितीकडेही दाद मागता येते. तोंडी ‘नामंजूर झालं’ हे उत्तर कधीच मान्य करू नका. दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून काढण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी २०१९ ला दिला आणि २८ फेब्रुवारीला स्थगित केला. कसलीही नोटीस न मिळालेल्या अनेक कुटुंबांना आपला दावा फेटाळला गेल्याचं तेव्हा कुठे कळलं. पडताळणी पुरी होईपर्यंत कुणालाही हटवता येत नाही, हे कलम ४(५) मध्ये स्पष्ट आहे.

पट्टा, म्हणजे हक्काचा कागद, हातात आला की तो सभेत मोठ्याने वाचा. तीन गोष्टी बघा. क्षेत्र दाव्याइतकं आहे का? नाव ग्रामसभेचं आहे, की संयुक्त वनव्यवस्थापन समितीचं? कायद्यात नसलेल्या अटी घातल्या आहेत का? चूक असेल तर लगेच जिल्हास्तरीय समितीला दुरुस्तीचा ठराव पाठवा. अंतिम नकाशा करून हक्काची नोंद महसूल आणि वन अभिलेखात तीन महिन्यांत घ्यायची असते. ती पाठपुराव्याशिवाय होत नाही.

आराखडा

ग्रामसभेने नियम ४ प्रमाणे जी राखणीची समिती नेमायची, तिनेच संवर्धन आणि व्यवस्थापनाचा आराखडा करायचा. शंभर पानी छापील आराखडा कुणी उघडत नाही. गावाला तोंडपाठ होतील एवढे नियम, एक नकाशा आणि मोजणीची वही एवढं पुरे.

मोजणीने सुरुवात करा. जंगलाच्या प्रत्येक प्रकारात (सागवानी, बांबूचं, नाल्याकाठचं, उघडं माळरान) १० मीटर बाय १० मीटरचे किमान दहा चौकोन घ्या. प्रत्येक चौकोनात जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर ३० सेंटीमीटरपेक्षा जास्त घेर असलेली झाडं मोजा, जातीसकट. त्याच्याच एका कोपऱ्यात ५ बाय ५ मीटरमध्ये लहान रोपं मोजा. कोपऱ्यावर दगड रोवा, म्हणजे पुढच्या वर्षी तीच जागा सापडेल. जागा निवडताना नेहमीच्या वाटेजवळचं चांगलं जंगल घेण्याचा मोह होतो. तो टाळा, नाहीतर मोजणी खोटी सुखावणारी येते.

आकडे वाचायचे ते असे. मोहाची किंवा चारोळीची मोठी झाडं भरपूर आणि रोपं जवळपास नाहीत, तर वणवा, चराई किंवा बियांची अति वेचणी यांपैकी काहीतरी बोकाळलं आहे. रोपं खूप आणि मधल्या घेराची झाडं नाहीत, तर वासे-बल्ल्यांसाठी तोड होते आहे. पहिल्यात झाडाखालचा जाळ आणि चराई थांबवायची, दुसऱ्यात घरबांधणीच्या लाकडाला पर्याय शोधायचा. दोन्हींवर ‘वृक्षारोपण’ हे एकच उत्तर देणं चूक आहे.

मग जंगलाचे भाग पाडा. देवराई, झऱ्यांचं पाणलोट, नाल्याच्या दोन्ही काठांची पट्टी आणि घरट्यांची जुनी पोकळ झाडं असलेला भाग पूर्ण राखीव. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टरवर हक्क मिळाला, तेव्हा तिथल्या ग्रामसभेने त्यातलं काही जंगल देवराई म्हणून बाजूला ठेवलं. तेंदूची तोडणीही पूर्ण बंद केली, कारण तेंदूसाठी फांद्या छाटल्या जातात आणि जाळ लावला जातो. उत्पन्न त्यांनी बांबूतून काढलं. सगळ्याच गावांना हे झेपेल असं नाही, पण नफ्याचा एक मार्ग जंगलासाठी सोडून देणं हा ग्रामसभेचा निर्णय होऊ शकतो, हे यातून दिसतं.

बांबूचे नियम बारकाईने लिहा. मानवेल जातीच्या बांबूच्या बेटात चालू वर्षाचे आणि मागच्या वर्षाचे बांबू अजिबात तोडायचे नाहीत. शिवाय नव्यांना आधार म्हणून किमान तेवढेच जुने उभे ठेवायचे. चालू वर्षाचा बांबू ओळखायला सोपा: पेरांवर तपकिरी पापुद्रे चिकटलेले आणि अंगावर पांढरट भुकटी. तोड जमिनीपासून १५ ते ३० सेंटीमीटरवर आणि पेराच्या लगेच वर. दोन पेरांच्या मधोमध तोडलं तर उरलेल्या नळीत पावसाचं पाणी साचतं आणि कुजणं खाली कंदापर्यंत जातं. मजूर बेटाच्या बाहेरून तोडत जातात, कारण ते सोपं असतं. पण नवे कोंब बाहेरच्याच बाजूला येतात, तेच जातात, आणि मधे जुने बांबू गुंतून बेट आवळतं. एका बाजूने आत शिरून मधले जुने काढायला लावा. जून मध्यापासून सप्टेंबरअखेर तोड पूर्ण बंद. एका भागात तोड झाली की पुन्हा तीन वर्षांनी. वास्ते (बांबूचे कोवळे कोंब) खायला काढायचे तर कोणत्या बेटांतून आणि घरटी किती, हे आषाढाआधी ठरवा. बेट फुललं तर बी गळून पडेपर्यंत तोडू नका. त्यानंतर त्या जागी दोन-तीन वर्षं ना चराई, ना जाळ.

वणव्याचा हंगाम महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात. बहुतेक वणवे माणसानेच लावलेले असतात, आणि त्यातले पुष्कळसे मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखाली लावलेल्या जाळातून पसरतात. नुसती बंदी घालून हे थांबत नाही. प्रत्येक घराची मोहाची झाडं ठरलेली असतात. त्या घरानेच झाडाखालचा पाला झाडून बाजूला करायचा किंवा जाळी, जुन्या साड्या अंथरायच्या. जळालं ते झाड ज्याचं, जबाबदारी त्याची. फुलंही मातीविना, स्वच्छ मिळतात आणि भाव बरा येतो. जाळरेषा (वणवा अडवायला आधीच जाळून मोकळी केलेली पट्टी) १५ फेब्रुवारीच्या आत, सकाळच्या दवात, वनरक्षकाला सोबत घेऊन काढा.

चारोळी, आवळा, बाळहिरडा यांची खरी अडचण घाईची असते. दुसरा नेईल म्हणून फळ कच्चं असतानाच फांदी मोडून नेली जाते. ग्रामसभेने वेचणीचा पहिला दिवस जाहीर करावा आणि त्याआधी आलेला माल गावात कुणीही विकत घेऊ नये. हा नियम व्यापाऱ्यालाही लेखी कळवा. मधाच्या पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापायचा, अंडी-अळ्यांचा ठेवायचा.

सरसकट चराईबंदी करू नका. तिचा भार शेळ्यांवर जगणाऱ्या भूमिहीन घरावर पडतो आणि ते घर रात्री चारायला लागतं. चराईचं क्षेत्र चार भागांत वाटा, दर वर्षी एक भाग पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत बंद, आणि त्यातलं कापलेलं गवत आधी त्याच घरांना.

नवी नांगरट हा सगळ्यात अवघड विषय. वैयक्तिक हक्क १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या प्रत्यक्ष वहितीलाच आणि जास्तीत जास्त ४ हेक्टरपर्यंत मिळतो. तो वारसाने जातो, विकता येत नाही, आणि पती-पत्नी दोघांच्या नावावर होतो. सामूहिक दाव्याबरोबरच सगळ्या वैयक्तिक जमिनींच्या कडा मोजून नकाशावर दाखवा आणि बांधावर खुणा करा. त्या रेघेपलीकडे सरकलेला नांगर मग कुणालाही दिसतो. शिकारीचा हक्क या कायद्यात नाही, हेही सभेत स्पष्ट सांगा.

शाळा, अंगणवाडी, रस्ता, पाण्याची टाकी अशा ठरलेल्या सोयींसाठी दर कामाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने देता येते. त्यात हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटता कामा नयेत. शिफारस देण्याआधी झाडं स्वतः मोजा.

पैसा आणि वाहतूक परवाना

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये हक्क मिळाला, पण बांबू विकायला परवाना पुस्तक हाती यायला २७ एप्रिल २०११ उजाडलं. आता २०१२ च्या नियमांप्रमाणे परवाना ग्रामसभेची समितीच देते. खरेदीदाराला आवरण्याचं साधन म्हणून तो वापरा. ग्रामसभेच्या नावाचं बँक खातं आणि पॅन काढा. तेंदूच्या करारात मजुरी आणि स्वामित्वाची रक्कम (रॉयल्टी) वेगळी लिहा. प्रमाणित गोणी म्हणजे १,००० पुडे आणि पुड्यात ७० पानं, हेही लिहा, नाहीतर केंद्रावर पुडा फुगत जातो. बँक हमी घ्या. गोदामातून जेवढ्या गोण्यांचे पैसे खात्यात जमा, तेवढ्यांचाच परवाना. पैसे नंतर देतो म्हणून सगळा माल उचलू दिला आणि व्यापारी परतलाच नाही, असं अनेक ग्रामसभांच्या बाबतीत घडलं आहे. उत्पन्नातला राखणीचा हिस्सा, म्हणजे गस्तीची मजुरी, जाळरेषा, मोजणी, वाटपाच्या आधीच काढून ठेवा.

गस्तीला घरटी पाळी लावा आणि वहीत तारीख, वाट, काय दिसलं ते लिहा. चोरी सापडली तर मारहाण किंवा डांबणं नको. फोटो, पंचनामा आणि वनरक्षकाला लेखी खबर, पोच घेऊन. गुन्हा नोंदवण्याचे अधिकार वनविभागाकडेच आहेत.

व्याघ्र प्रकल्पातली गावं

मेळघाट किंवा ताडोब्यासारख्या ठिकाणीही हक्कांची मान्यता आधी आणि पुनर्वसनाची चर्चा नंतर, हा कायद्याचा क्रम आहे. पुनर्वसन स्वेच्छेने आणि ग्रामसभेच्या माहितीपूर्ण लेखी संमतीनेच होतं. ‘इथे हक्क लागू नाहीत’ असं कुणी म्हटलं तर ते लेखी मागा. राहायचं ठरलं तर वाघाच्या पाणवठ्यांवर रात्री न जाणं, गुरं ठरलेल्या भागातच चारणं, मेलेलं जनावर विष न घालता तसंच सोडून वनविभागाला कळवणं, हे नियम आराखड्यात पहिल्या पानावर घ्या. जायचं ठरलं तर आधी मान्य झालेला सामूहिक हक्क मोबदल्याच्या बोलणीत मांडा आणि नव्या जागी चराई-निस्ताराची सोय लेखी मिळाल्याशिवाय संमतीच्या ठरावावर सही करू नका.